कानाला दोन बोटं

शम्या, काल रात्री दीड वाजता तू मला दिसलास,
नातवाच्या मोबाइलवर, तळहाताएवढा.
खाली इंग्रजीत नाव: एस. रणदिवे, मुख्य प्रशिक्षक.
मागे समुद्र होता म्हणे. मला दिसला नाही.
मला तुझा उजवा गुडघा दिसला.
उभं राहताना तू अजून त्याला जरा मागे ठेवतोस,
उधारी थकलेल्या दुकानावरून जाताना
माणूस तोंड फिरवतो तसा.

रेंजहिल्सच्या आपल्या मैदानात
गवत फक्त कॉर्नरला उगवायचं,
उरलेला सगळा मुरूम.
मी गोली. माझी कोपरं बारा महिने सोललेली.
पाचला फॅक्टरीचा भोंगा सुरू झाला
की मिनिटभर जगात दुसरा आवाज नसायचा
आणि नेमके तेव्हाच समोरचे घुसायचे.
दापोडीवाल्यांनी दोन गोल त्या एका मिनिटात केले.
त्या रात्री तू शोधून काढलंस:
कानाला दोन बोटं, सगळे डावीकडे सरका.
डोक्यावर तळहात, मागे या.
आणि नाक धरलं तर, गोली, तू बाहेर ये,
देवाचं नाव घे.

पुढे तू कोलकात्याला. तीन हंगाम.
पेपरात एकदा फोटो आला,
तुझ्या आईने तो कापून पवित्र शास्त्रात ठेवला, स्तोत्रांच्या पानांत.
चौथ्या हंगामात चिखलात पाय राहिला
आणि तू पुढे गेलास.
खडकी स्टेशनवर मी आणि रावजीने तुला उतरवून घेतलं.
प्लॅस्टरवर कुणीतरी बंगालीत काही लिहिलेलं.
तू म्हणालास, वाचता येत नाही, पण चांगलंच असेल.

मी फॅक्टरीत चिकटलो.
तुलाही चिकटता आलं असतं, साहेबांनी अर्ज मागवला होता.
तू अर्जाच्या पाठीवर अकरा गोळे काढलेस, आणि बाण.
तो कागद माझ्याकडे आहे.
त्यावर चहाचा एक डाग पडलाय,
बारावा खेळाडू.

लायसन्सच्या परीक्षेत तू दोनदा आपटलास.
खेळात नाही, इंग्रजीत.
आमच्या ओट्यापाशी पुस्तक उघडून बसायचास, शब्द विचारायचास.
पेरिफेरल व्हिजन म्हणजे काय हो वहिनी?
ही म्हणाली, पोळी लाटताना
बाजूला दूध उतू जातंय ते दिसतं ना भावजी, तेच.
तिसऱ्यांदा पास झालास.
मग विमानं. आधी कुणाचा तरी सहायक,
मग कुठल्या कुठल्या देशातली सतरा वर्षांखालची पोरं,
आणि आता हे बेट,
अख्ख्या देशात माणसं किती,
तर रविवारी खडकी बाजारात असतात तेवढी.
हिला हे सांगायला हवं होतं.
तीन वर्षं झाली, तुला कळवलं होतं.
तुझं पत्र आलं, त्यात फक्त एवढंच:
दूध अजून दिसतं.

काल तर तुम्ही हरतच होता.
पासष्टाव्या मिनिटाला सगळं स्टेडियम बोंबलत होतं
आणि तू कानाला दोन बोटं लावलीस.
अकराच्या अकरा पोरं डावीकडे सरकली,
कुणी ताडपत्रीचं टोक ओढावं तशी.
समालोचक म्हणाला,
कोच बहुधा कानातल्या यंत्रातून कुणाशी बोलतायत.
मी एवढ्या मोठ्यांदा हसलो की सून उठून आली.
त्या पोरांनी भोंगा ऐकलेला नाही, शम्या.
त्यांना काय सांगितलंयस तू?
की हे असंच असतं, सगळीकडे?

मग अगदी शेवटी तू नाक धरलंस.
त्यांचा गोली, काडीसारखा पोरगा, निघाला.
इकडे मीही गादीवर कोपरांवर उठलो,
बॉल हवेत,
आणि नातवाचा डेटा संपला.

सकाळी त्याने स्कोर सांगितला. चार-एक.
हरण्यात काय आहे, असं म्हणायला मी काही साधू नाही.
चार म्हणजे चार.
पण तो एक कसा झाला ते कळव.
आणि त्या पोराची कोपरं बघ.
सोलली असतील
तर हळद आणि खोबरेल, कोमट करून.
फुंकर घालू नकोस. चिघळतं.